मामाजींचं रक्त नेमकं जातंय कुठं?

प्रश्न : आमचं गाव आर्वी तालुक्यात. माझे सासरे, म्हणजे मामाजी, ६६ वर्षांचे आहेत. मागच्या पोळ्याच्या सुमारास त्यांना उजव्या अंगाला लकवा मारला. वर्धेला भरती केलं, जीव वाचला. बोलणं सुधारलं, काठी घेऊन अंगणापर्यंत चालायला लागले. पण गेले दोन महिने ते खाटेवरून उठायलाच तयार नाहीत. दम लागतो, चेहरा पांढराफटक पडलाय, व्यायामाचं नाव काढलं की चिडतात. घरचे म्हणतात, बुढा आळशी झाला. तालुक्याला रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.१ निघालं, कागदावर एमसीव्ही ६८ लिहिलंय. शेजारचे काका म्हणाले, ‘आधीच अंगात रक्त नाही, वरून रक्त पातळ करायच्या दोन-दोन गोळ्या कायले देता?’ म्हणून आठ दिवसांपासून आम्ही अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल दोन्ही बंद ठेवल्या. बीपीची, शुगरची मेटफॉर्मिन आणि गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणतो ती दुखण्याची गोळी चालू आहे. मी बीट, डाळिंब, खजूर देते. नणंद म्हणते, दोन बाटल्या रक्त चढवून आणा. नेमकं काय करावं? मलाही हल्ली पाण्याचा गुंड उचलला की धाप लागते, पण ते जाऊ द्या.
– एक सून

उत्तर : ताई, बाकीचं नंतर वाचा, आधी ज्या डॉक्टरांनी लकव्याचा इलाज केला त्यांना फोन लावा. तो लागला नाही तर मामाजींना घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठा आणि सांगा की आठ दिवसांपासून अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल बंद आहे आणि हिमोग्लोबिन ८.१ आहे. ही दोन्ही वाक्यं एकत्रच सांगायची, एक सांगून दुसरं गाळायचं नाही. निघण्याआधी मामाजींची संडास कशी होते ते विचारून घ्या. डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं असेल, तर फोनच्या भानगडीत न पडता सरळ दवाखान्यात न्या. अशा वेळी गोळ्यांचं काय करायचं ते तिथले डॉक्टरच ठरवतील. तसं काही नसेल तर बहुतेक डॉक्टर दोनपैकी निदान एक गोळी लगेच सुरू करायला सांगतील.

काकांच्या बोलण्यातलं अर्धं चूक आहे आणि अर्धं बरोबर. या गोळ्या रक्ताचं पाणी करत नाहीत. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी होते, तेवढं चिकटणं त्या थांबवतात. गोळी बंद केली की शरीर नव्या प्लेटलेट तयार करतं आणि सात ते दहा दिवसांत गोळीचा असर संपतो. म्हणजे आज मामाजींच्या मेंदूच्या नसांना मिळणारं संरक्षण जवळजवळ गेलेलं आहे. एकदा लकवा झालेल्या माणसाला दुसरा होण्याचा धोका असतोच, आणि आपल्या भागात हा धोका कागदावरचा नाही. गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेने ८६ गावांमधले २०११ ते २०१३ या काळातले मृत्यू तपासले होते. त्यात मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा हे निघालं, दर सात मृत्यूंमागे जवळपास एक.

आता काकांचं बरोबर असलेलं अर्धं. या गोळ्यांनी पोटाचं आतलं अस्तर सोलवटतं, बारीक जखमा होतात आणि त्यातून थेंब-थेंब रक्त झिरपत राहतं. इतकं थोडं की संडासात डोळ्यांना काही दिसत नाही. पण महिनोन्‌महिने ते चालू राहिलं की रक्तासोबत लोह निघून जातं आणि शरीराचा साठा रिकामा होतो. तुमच्या पत्रात मला खटकलेली पहिली गोष्ट म्हणजे पोळ्यापासून दोन्ही गोळ्या चालू होत्या. लहान झटक्यानंतर ही जोडी साधारण २१ दिवस, फार तर ९० दिवस देतात आणि मग एकच गोळी ठेवतात. हृदयात स्टेंट टाकलेला असेल किंवा मेंदूची मोठी नस अरुंद असेल तर गोष्ट वेगळी. पण आपल्याकडे सुटीच्या वेळी मिळालेली चिठ्ठी वर्षभर तशीच मेडिकलवर दाखवली जाते, कुणी पुन्हा बघत नाही. डॉक्टरांना स्पष्ट विचारा, ‘यांना आता दोन्ही लागतात की एक पुरे?’ हा प्रश्न विचारल्याने कोणत्याही भल्या डॉक्टरला राग येणार नाही.

दुसरी खटकलेली गोष्ट तुम्ही एका ओळीत उरकली आहे, ती म्हणजे गुडघ्याची गोळी. डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यातलीच कुठली तरी ती असणार. अ‍ॅस्पिरिनसोबत अशी गोळी रोज घेतली की पोटातून रक्त जाण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो. ती बीपी वाढवते, किडनीला त्रास देते, लकव्याचा धोकाही वाढवते, आणि आयबुप्रोफेन असेल तर अ‍ॅस्पिरिनचं कामच होऊ देत नाही. गंमत बघा, घरच्यांनी जपायची गोळी बंद केली आणि बंद करायची ती चालू ठेवली. ही मात्र आजच्या आज थांबवा. दुखणं जास्त असेल तर पॅरासिटामॉल चालेल, प्रमाण डॉक्टरांना विचारून. बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या अंगदुखीच्या बिननावाच्या पुड्यांनाही घरात जागा देऊ नका. त्यात पुष्कळदा हेच औषध असतं, वर स्टेरॉइड घातलेलं.

पुरुषाचं हिमोग्लोबिन १३ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणायचं आणि ८ च्या खाली गेलं की गंभीर. मामाजी त्या काठावर उभे आहेत. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार. तो ८० च्या खाली असला की पेशी लहान भरलेल्या असतात आणि अशा वेळी पहिला संशय लोहाच्या कमतरतेचाच येतो. ज्याच्या मेंदूचा एक भाग आधीच दुखावला आहे, त्याच्या उरलेल्या मेंदूला ऑक्सिजन कमी पडतो. हृदय ती उणीव भरून काढायला जोरात धावतं, म्हणून अंगणापर्यंत गेलं तरी धाप लागते. लोह कमी असलं की काही जणांच्या प्लेटलेट उलट वाढतात आणि गुठळी व्हायचा कल वाढतो. रिपोर्टवर तोही आकडा पाहून घ्या. लकव्यासोबत रक्तक्षय असलेले रुग्ण एकूणच मागे पडताना दिसतात.

तेव्हा घरच्यांना सांगा की बुढा आळशी झालेला नाही. अर्ध्या रक्तावर धडधाकट माणसालाही कापसाचं ओझं उचलवणार नाही, मग त्यांनी लुळ्या पायाने व्यायाम कुठून करायचा? एक खरं ते सांगते, लोह भरून आलं म्हणून लुळा हात आपोआप उठणार नाही. पण व्यायाम करायची ताकद येईल आणि लकव्यानंतर माणूस चालतो तो व्यायामानेच. रक्त वाढूनही ते गप्प-गप्प राहिले, जेवणावरचं मन उडालेलंच राहिलं, तर लकव्यानंतर येणाऱ्या नैराश्याबद्दल डॉक्टरांशी बोला. तो आजार पुष्कळांना होतो आणि त्यावर औषध आहे.

आता पत्राच्या मुळाशी येऊ. ६६ वर्षांच्या पुरुषाच्या अंगातलं लोह कमी झालं, तर ‘खाणं कमी पडलं असेल’ असं म्हणून पुढे जाता येत नाही. पाळी गेलेल्या बाईलाही हेच लागू. या वयात लोह संपतं ते बहुतेकदा रक्त गळतं म्हणून, आणि ते कुठून गळतं हे सापडेपर्यंत शोध थांबवायचा नाही. गोळ्यांनी झालेला पोटातला अल्सर असेल, मूळव्याध असेल, आतड्यातला गाठीचा आजार असेल. हा शेवटचा शब्द घाबरवायला लिहिलेला नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची पहिली खूण कित्येकदा हा असा गुपचूप आलेला रक्तक्षयच असते आणि तेव्हा पकडला तर तो बरा होण्यासारखा असतो. म्हणून डॉक्टर दुर्बिणीने पोट आणि आतडी पाहू म्हणाले तर ‘म्हाताऱ्या माणसाले कायले तरास’ म्हणून टाळू नका. सेवाग्राम, सावंगीची मोठी रुग्णालयं तुम्हाला जवळ आहेत आणि ही सोय तिथे आहे. संडासातलं न दिसणारं रक्त शोधायची तपासणीही असते, पण ती एकदा निगेटिव्ह आली म्हणून निश्चिंत होऊ नका, कारण गळती रोज सारखी नसते.

आजवर उघड्या पायाने वावरात काम केलं असेल तर आकडेकृमीही विसरू नका. हे जंत मातीतून पायाच्या कातडीवाटे आत शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात. त्यावर अल्बेंडाझोलची स्वस्त गोळी आहे, फक्त जंत सापडले म्हणून बाकीचा शोध सोडायचा नाही.

लोहाची गोळी सुरू करायच्या आधी फेरिटिन तपासून घ्या. फेरिटिन म्हणजे शरीरात साठवलेल्या लोहाचा हिशेब. ते ३० च्या खाली असलं की लोह कमी आहे हे जवळपास नक्की. मात्र अंगात कुठे जंतुसंसर्ग, सूज, पाठीला जखम असली की फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं. लकव्याच्या पडून असलेल्या रुग्णात असं सर्रास होतं, म्हणून ‘नॉर्मल’ आकडाही डॉक्टरांच्या नजरेखालून गेलेला बरा. सोबत क्रिएटिनिन करा, कारण बीपी-शुगर जुनी असेल तर किडनीमुळेही रक्त कमी होतं. बी-१२ सुद्धा करा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ कमी होतं आणि हात-पाय बधिर होतात. मग लकव्याचं बधिरपण कोणतं आणि हे कोणतं, ते ओळखणं अवघड जातं.

आणखी एक तपासणी आपल्या विदर्भासाठी, सिकलसेलची, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होणाऱ्या आनुवंशिक आजाराची. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर या पट्ट्यात सिकल असलेली कुटुंबं खूप आहेत आणि सिकल हे स्वतःच लकव्याचं एक कारण आहे, विशेषतः लहान वयात. मामाजींना या वयात लकवा सिकलमुळे झाला असेल असं मला वाटत नाही. पण घरात कुणाला सिकलचा ‘एएस’ (वाहक) किंवा ‘एसएस’ (रुग्ण) सांगितलेलं असेल, तर डॉक्टरांना ते सांगायचंच. सिकलच्या रुग्णाला रक्त कमी दिसलं म्हणून लोहाच्या गोळ्या भरायच्या नसतात, कारण कित्येकांच्या अंगात, विशेषतः वारंवार रक्त चढवलेल्यांच्या, लोह आधीच जास्त असतं. इथे फेरिटिन पाहिल्याशिवाय पाऊल उचलू नये.

नणंदबाईंच्या सल्ल्याबद्दल. एक बाटली रक्ताने हिमोग्लोबिन साधारण एकाने वाढतं, एवढंच. गळती चालू असेल तर ते वाढलेलंही महिन्या-दोन महिन्यांत उतरतं. ज्याला भळाभळा रक्त जात नाही त्याला हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावर, आणि हृदयाचा आजार असेल तर ८ च्या आसपास आल्यावर, रक्त देण्याचा विचार होतो. मामाजींना छातीत दुखत असेल, बसल्या जागी दम लागत असेल, तर डॉक्टर आधीही देतील. पण ‘अशक्तपणा आहे, चढवून टाका’ हा हिशेब नको. रक्ताची रिअ‍ॅक्शन येऊ शकते आणि थकलेल्या हृदयावर भार पडून फुप्फुसात पाणी साचू शकतं. लोहाची गोळी सोसली नाही किंवा पुरली नाही, तर शिरेतून लोहाचं इंजेक्शन देता येतं. तेही दवाखान्यातच, गावात घरी सलाईन लावणाऱ्याकडून नाही.

लोहाची गोळी सुरू झाली की ती कशी द्यायची, यावर माझा जरा जास्त भर आहे, कारण घरोघरी इथेच गडबड होते. दिवसाला एक गोळी पुरते. काही डॉक्टर एका दिवसाआड देतात आणि तीही पद्धत चांगली आहे, त्याने लोह अंगी जास्त लागतं आणि पोट कमी बिघडतं. दोन-दोन, तीन-तीन देऊन रक्त लवकर वाढत नाही. उपाशीपोटी लिंबूपाण्यासोबत द्या. मळमळलं तर जेवणानंतर द्या, पण बंद करू नका. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यापासून दोन तासांचं अंतर हवं, आणि थायरॉइडची गोळी असेल तर चार तासांचं. डॉक्टरांनी पोटासाठी पॅन्टोप्राझोल दिली तर ती घ्या. तिच्यामुळे लोह थोडं कमी शोषलं जातं, पण गळती थांबवायला ती लागते.

मामाजींना पूर्ण बसवून, पाठ टेकवून, मगच गोळी द्या. गिळल्यावर तोंड उघडून उजव्या गालाच्या आत पाहा. लकव्याच्या बाजूला भान नसतं, गोळी तिथेच अडकून राहते आणि लोहाची गोळी तोंडात विरघळली तर जखम करते. श्वासनलिकेत गेली तर आणखी वाईट. पाणी पिताना ठसका लागत असेल, जेवल्यावर आवाज घोगरा होत असेल, तर गोळीच नको, पातळ औषध मागून घ्या आणि गिळण्याची तपासणीही करवून घ्या. गोळ्यांचं पाकीट नातवंडांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा. लाल रंग पाहून लेकरं चॉकलेट समजून खातात, आणि मूठभर गोळ्या लहान मुलाचा जीव घेऊ शकतात.

गोळी सुरू झाल्यावर संडास काळपट-हिरवी होईल, त्याला घाबरू नका. घाबरायचं ते वर सांगितलेल्या डांबरी, चिकट संडासला. बद्धकोष्ठ झालं तर पाणी वाढवा आणि इसबगोल द्या, कारण लकव्याच्या माणसाने जोर लावणं बरं नाही. महिन्याने हिमोग्लोबिन तपासा. ते साधारण दोनाने वाढायला हवं. वाढलं नाही तर गोळी पोटात जात नाही किंवा गळती चालूच आहे, असं समजा. १३ वर पोचल्यावरही तीन महिने गोळी चालू ठेवायची. रक्त भरलं तरी साठा भरायचा राहिलेला असतो.

खाण्याचं थोडक्यात सांगते. बीट आणि डाळिंब लाल असतात एवढंच, त्यात लोह फार नाही. खजूर शुगरच्या माणसाला नको, गूळही नको. सामिष चालत असेल तर अंडी, मासे, सुकट आणि अधूनमधून कलेजी, कारण मांसातलं लोह अंगी पटकन लागतं. नसेल चालत तर हरभरा, मोट, मसूर, जवसाची चटणी, चवळाई आणि हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, वर लिंबू पिळून किंवा आवळ्याच्या फोडीसोबत. अंबाडीची भाजी लोखंडी कढईत शिजवा, आंबटपणामुळे कढईतलं लोह भाजीत उतरतं. अळीव उत्तम, पण दूध-साखरेची खीर करून नाही, लिंबूपाण्यात भिजवून. हृदयाच्या अनियमित ठोक्यांमुळे ज्यांना वॉरफरिन किंवा असिट्रोम चालू आहे, त्यांनी पालेभाजी एकदम वाढवू नये, त्याने औषधाचा असर कमी होतो. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. आणि मामाजी खर्रा खात असतील, पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही पण मी विचारणार, तर तो सुटला पाहिजे. तंबाखू नसा खराब करते आणि सुपारीने तोंड उघडेनासं झालं की भाजी-भाकर चावणंही संपतं.

अचानक तोंड वाकडं झालं, हात गळाला, बोलणं अडखळलं, तर १०८ ला फोन करा आणि कितीला सुरू झालं ती वेळ लक्षात ठेवा. वेळेत पोचलं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं की नाही, हे डॉक्टर ठरवू शकतात. अशा वेळी हिमोग्लोबिन किती होतं आणि कोणत्या गोळ्या चालू होत्या, हा कागद सोबत हवा.

राहिली तुमची धाप. ती जाऊ द्यायची नाही. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांचं रक्त कमी असल्याचं २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात निघालं, म्हणजे निम्म्याहून जास्त. मामाजींना उठवायचं, बसवायचं, धुवायचं, वर घरचं आणि वावरातलं काम तुम्हीच करता, असं पत्रावरून दिसतं. त्यांना नेणार त्याच दिवशी तुमचंही रक्त तपासायला द्या, ग्रामीण रुग्णालयात त्याला पैसे लागत नाहीत. पाळीत जास्त जातं का, ते तिथल्या सिस्टरला मोकळेपणाने सांगा. माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात का, तेही सांगा, त्यात लाजण्यासारखं काही नाही, लोह कमी असल्याची ती खूण असते. पुढच्या पत्रात मामाजींचं फेरिटिन, क्रिएटिनिन, बी-१२ आणि तुमचं हिमोग्लोबिन असे चारही आकडे लिहा, आणि ती गुडघ्याची गोळी कुठली निघाली तेही कळवा.